शुभेच्छुकांच्या रांगेत

सोयाबीनची कापणी सुरू झाली की आमच्या गल्लीला एक कोरडा, तुरट वास येतो. दुपारी घर शांत असलं की उन्हात तडकणाऱ्या शेंगांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. वणीच्या या टोकाला आमची गल्ली संपते आणि सुमनचं शेत सुरू होतं. मध्ये फक्त तारेचं कुंपण आणि एक बोरीचं झाड. पलीकडच्या रस्त्याने कोळशाचे ट्रक जातात, त्यांची काळी धूळ माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर बारा महिने बसते. या दिवसांत तिच्यात सोयाबीनचा भुसा मिसळतो. मग साडी झटकताना आपण खाणीतून आलो की शेतातून, ते कळत नाही.

आज सकाळी सुमनने गंजी झाकायला तो फ्लेक्स बाहेर काढला. ईशान, रेवा, तुम्ही नातवंडं परदेशात वाढलेली म्हणून सांगते, गंजी म्हणजे कापलेल्या सोयाबीनचा रचून ठेवलेला ढीग. मळणीचं यंत्र येईपर्यंत तो शेतात उभा असतो आणि ऑक्टोबरातल्या पावसाचा काही नेम नसतो. ताडपत्री पुरत नाही, म्हणून वरून जे मिळेल ते टाकतात. सुमनने जे टाकलं त्याच्यावर एका मुलीचा हसरा चेहरा आहे, पायाशी फुटबॉल आहे, वर मोठ्या अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन' आहे आणि खाली शुभेच्छुकांच्या छोट्या गोल फोटोंची रांग आहे. त्या रांगेत डावीकडून तिसरी मी आहे. उन्हापावसाने माझं नाक गेलंय, पण चष्मा शाबूत आहे.

तो फ्लेक्स उलगडताना पाहिला आणि गेल्या वर्षीचा हा मोसम सगळाच्या सगळा समोर आला. लोकांना एखादं वर्ष पावसाचं म्हणून आठवतं, एखादं लग्नाचं म्हणून. मला गेल्या वर्षीची ही सुगी हेव्याची म्हणून आठवते.

मी शिस्तीची बाई आहे, हे तुम्हाला तुमच्या बाबांनी सांगितलं असेलच, बहुधा तक्रारीच्या सुरात. डाळींच्या डब्यांवर नावं लिहिलेली असतात, चिमटे साडीच्या रंगाचे लावते, तुमचा फोन रविवारी सकाळी येतो म्हणून शनिवारीच चष्मा पुसून ठेवते. शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलींना सांगायची की मनात जे येतं त्याला नाव द्या, म्हणजे ते आवरता येतं. हेव्याला मी नाव दिलं, पण तो काही डब्यात बसला नाही.

हेवा सुमनचा. म्हणजे तिच्या घराचा नाही, शेताचा नाही. तिच्या नातीचा, आचलचा. आणि तोही आचल फुटबॉल छान खेळते म्हणून नव्हता. तो होता सराट्यांमुळे.

सराटे तुम्हाला ठाऊक नसतील. पाऊस संपला की आमच्या मैदानावरचं गवत वाळतं, त्यात जमिनीलगत काटेरी बिया होतात, त्या मोज्यांना चिकटतात. मैदान चौकापलीकडे आहे. दोन टोकांना बांबूचे गोलपोस्ट, मधे शेळ्या, आणि संध्याकाळी ऊन तिरपं झालं की शेळ्यांना हाकलून पोरं-पोरी उतरतात. रफीकभाई त्यांना शिकवतात. दिवसा त्यांचं गॅरेज, ट्रकखाली आडवे झालेले असतात. संध्याकाळी शिटी गळ्यात. कितीही सुंदर गोल झाला तरी त्यांच्या तोंडून दोनच शब्द निघतात, "ठीक हाय." आचल चौदाची, काटकुळी, डावखुऱ्या पायाची. बॉल तिच्या पायाशी आला की पळत नसे, थांबे. ओळखीच्या घरी आल्यासारखा.

सुमन मैदानावर प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन जायची आणि डब्यात भिजवलेले हरभरे. मी माझी घडीची खुर्ची घेऊन तिच्या शेजारी. खेळ संपला की आचल येऊन धपकन खाली बसायची आणि विचारायच्या आत दोन्ही पाय आजीच्या मांडीवर टाकायची. सुमन एकेक सराटा काढून पदरात टाकायची, आणि तोंडाने चालू असायचं, "कायले लोळते व त्या गवतात? गोल काय खाली बसून होते?" पोरगी हरभरे खात खात म्हणायची, "आजी, वो डावीकडचा राह्यला." मी दुसरीकडे बघायची. त्या वेळी दिवे लागत नसत अजून, तरी मला सगळं दिसायचं.

ईशान, तुझे व्हिडिओ तुझी आई पाठवायची ते मी पुन्हा पुन्हा बघायची. हिरवंगार मैदान, आखलेल्या पांढऱ्या रेषा, सगळ्यांचे मोजे सारखे. त्यात तू तांदळाच्या दाण्याएवढा. पहिली दोन मिनिटं मी भलत्याच मुलाला ईशान समजून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्याचंही एकदा झालं. तुझ्या मोज्यांना काही चिकटत असेल तर ते काढायला तिथे मशीन असेल, असं मी मनाशी म्हणायची आणि फोन उपडा ठेवायची.

मग राज्याच्या संघाची चाचणी आली. आचलचा खेळ जिल्ह्याला दिसला, विभागाला दिसला, आणि पुण्याला निवड चाचणीसाठी तिला बोलावणं आलं. बोलावणं फक्त चाचणीचं होतं. राज्यातून कितीतरी पोरी येणार, त्यातल्या मोजक्या राहणार. रफीकभाईंनी सुमनच्या अंगणात उभं राहून हे नीट सांगितलं. पण सांगायला ते संध्याकाळी आले, आणि गल्लीत दुपारीच पेढे वाटून झाले होते.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स बनवणारा मुलगा वॉर्डातल्या पुढाऱ्यांकडून माझ्याकडे आला. "आजी, तुमचा पासपोर्ट फोटो द्या. भाऊसाहेब म्हणाले, शिकलेल्या माणसाचा एक पाह्यजे खाली."

मोबाईलवर त्याने मला नमुना दाखवला. 'महाराष्ट्र संघात निवड झाल्याबद्दल.'

"अरे, निवड कुठे झालीय? निवड चाचणीसाठी बोलावलंय. तसं लिही."

"चाचणी कोण वाचते, आजी? रस्त्यावरून गाडी जाते सूंऽऽऽ. निवड वाचली की गाडी पुढे." मग समजावणीच्या सुरात, "आन् निवड झाली की मंग दुसऱ्यांदा कायले खर्च?"

मी फोटो दिला. काळजीपूर्वक निवडून दिला, हेही सांगते. निवृत्तीच्या वेळचा, केस काळे असलेला. माझ्या मनात असं होतं की तुमच्या बाबांना फ्लेक्सचा फोटो पाठवावा. कुणाच्या तरी नातवंडाच्या खेळाखाली माझं तोंड आहे, एवढं तरी तुम्हाला दिसावं.

त्या संध्याकाळी मी सुमनला म्हटलं, "आशा जरा बेताने ठेव गं. पोरीच्या डोक्यावर ओझं होईल."

सुमन भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही. "मॅडम, तुमचं लेकरू दूर हाय. तुमाले बेतानंच ठेवा लागते. माहं तर समोर हाय, मी कायले बेतानं ठेवू?"

भाकरी तव्यावर पडली. मी उठून आले. ओटा पुसलेला होता, तो पुन्हा पुसला. माझं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. त्यावर मी आजही ठाम आहे. कुठल्याही खेळणाऱ्या पोराच्या आईबापांना मी तेच सांगेन. फक्त ते वाक्य कुठून आलं होतं, ते सुमनला माझ्या आधी कळलं. शहाणपण आणि मत्सर एकाच तोंडाने बोलायला लागले की शब्द तेच असतात, आवाज तोच असतो. ऐकणाऱ्याला मात्र फरक कळतो. मी इतकी वर्षं उच्चार शिकवले, पण हा फरक मला ऐकू आला नाही.

सुमन रोज संध्याकाळी पोरीची दृष्ट काढायची. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत धरून ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. मिरच्यांचा खाट, म्हणजे झोंबणारा धूर, उठला तर ठीक. काहीच वास आला नाही तर समजायचं की नजर जबरदस्त लागली आहे. या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या वेळी मी कुंपणाच्या अलीकडे तुळशीला पाणी घालत उभी राहायची. एकदा सुमनचा आवाज आला, "पाहा व माय, वासच नाही! कोणाची लागली एवढी?" मी हातातला तांब्या घट्ट धरला. तेवढ्यात वारा फिरला आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. खोकला आला म्हणून इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आमच्याकडे नवरात्रात गल्लोगल्ली देवी बसते, हे तुम्ही लहानपणी एकदा पाहिलं आहे. रेवा, तू तेव्हा कडेवर होतीस आणि सिंहाला बघून रडली होतीस. गेल्या नवरात्रात आमच्या मंडळाने आचलचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, माईकची शिटी, समोर खुर्च्यांवर सगळी गल्ली. भाऊसाहेबांनी भाषणात तिला देशाच्या संघापर्यंत नेऊन ठेवलं, मग परदेशात नेलं. तेवढ्यात तबकातला नारळ घसरला. तो स्टेजवरून खाली जाणार, इतक्यात आचलचा डावा पाय आपोआप पुढे आला आणि नारळ तिच्या बुटाशी येऊन थांबला. ओळखीच्या घरी आल्यासारखा.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. सुमन धावत स्टेजवर चढली, नारळ उचलून डोळ्यांना लावला, देवीकडे बघून कानाला हात लावले आणि सगळ्यांसमोर पोरीच्या पाठीत धपाटा घातला. आचल हसत होती. त्या दिवसांत तिचं तेवढं एकच हसणं मला खरं वाटलं. शालीत तिला उकडत होतं आणि बोलायला सांगितलं तेव्हा "मी प्रयत्न करीन" एवढंच म्हणून ती खाली बघत उभी राहिली.

रफीकभाई मागे, स्कूटरवर बसून होते. मी जाताना थांबले. ते म्हणाले, "मॅडम, ट्रायल हाय ना ही. बारसं तर नाही. आधीच पेढे, आधीच नाव." मग स्कूटरला किल्ली लावत, "पोरगी कालपासून पास देऊन नाही राह्यली. सगळे गोल स्वतःच माराले पाहते. काहून, तर फ्लेक्सवर तिचा एकटीचाच फोटो हाय."

हे वाक्य मी घरी येऊन बराच वेळ मनात घोळवलं. आपण मुलांना म्हणतो की तू मोठी होशील, आणि आपल्याला वाटतं की आपण पंख दिले. त्याच वेळी मैदानावरचे दहा जण तिच्या नजरेतून पुसले जातात. बॉल आला की तो आता पाहुणा नसतो, परीक्षक असतो.

पुण्याहून ती आली ती दिवाळीच्या थोडं आधी. निवड झाली नव्हती. तिचे वडील, गजानन, स्टँडवरून तिला मोटारसायकलवर घेऊन आले, ते चौकातून न येता गल्लीमागच्या कच्च्या रस्त्याने. मी गच्चीत होते, मला दिसलं. चौकात फ्लेक्स होता.

सुमन गल्लीत सांगत राहिली, "लिस्ट अजून लागायची हाय. दुसरी लिस्ट येते म्हणते." कुणी काही विचारलं नाही. न विचारणं हेच विचारण्यापेक्षा मोठ्याने ऐकू येत होतं. आचल शाळेत जायची तीही मागच्या रस्त्याने. मैदानावर जायला चौकाशिवाय वाट नाही, म्हणून मैदान बंद झालं. रफीकभाईंची शिटी संध्याकाळी घरापर्यंत यायची, आणि सुमनच्या अंगणात बुटांची जोडी जशीच्या तशी उलटी ठेवलेली असायची. फ्लेक्स काढायला कुणी तयार नव्हतं. वर भाऊसाहेबांचा फोटो होता. स्वतः होऊन त्यांच्या फोटोला हात कोण लावणार? मी भाजीला जाताना रोज त्याच्याखालून जायची. रोज ती हसायची, रोज खाली तिसरी मी, काळ्या केसांची, तिला शुभेच्छा देत असायची.

एका संध्याकाळी कुंपणापलीकडून रडणं ऐकू आलं. खरं मोठं रडणं, हुंदके देऊन. अंगणात बाजेवर सुमन बसली होती, आणि आचल तिच्या मांडीत तोंड खुपसून. सुमन काही समजावत नव्हती. दुसरी लिस्टसुद्धा तिच्या तोंडी नव्हती. नुसता हात फिरवत होती आणि मधूनच पदराने पोरीचं नाक पुसत होती. मी बोरीच्या आडोशाला उभी राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. मला तिच्या जिंकण्याचा हेवा वाटला होता, तो मी समजू शकत होते. त्या संध्याकाळी मला तिच्या हरण्याचाही हेवा वाटला. हरून यायला घर, आणि घरात मांडी.

त्या रविवारी तुमचा फोन आला. ईशान, तू पडद्यावर आलास, "हाय आजी" म्हणालास आणि गेलास. मी तुझ्या आईला सहज विचारलं की आमच्या चॅम्पियनची टीम काय म्हणते. तिने मागे वळून तू गेल्याची खात्री केली. मग म्हणाली, "आई, त्याला मोठ्या टीममधून काढलं. म्हणजे खालच्या टीममध्ये टाकलं. महिना झाला."

"आणि मला आज सांगतेस?"

"तोच नको म्हणाला. तुम्ही त्याला चॅम्पियन म्हणता ना, म्हणून."

इथे कापणीचा भुसा उडत होता, मी खिडकी लावून घेतली. सुमनला मी बेताने घ्यायला सांगितलं होतं, आणि स्वतः सातासमुद्रापार एक फ्लेक्स लावून ठेवला होता. दर रविवारी. त्याच्याखालून जायला नको म्हणून माझा नातू मागच्या रस्त्याने जात होता.

चहाच्या वेळी मी सुमनकडे गेले. माझ्या हातात रव्याच्या लाडवांचा डबा होता, पण तो निमित्ताला. मी म्हटलं, "सुमन, तो फ्लेक्स उतरवायला हवा. त्याच्यामुळे पोरगी मैदानावर जात नाही."

"समजते मले. पण काढन कोण? भाऊसाहेब म्हणतीन, आमचं तोंड उतरवलं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय झालं मॅडम? चेहरा उतरला तुमचा."

मी ईशानचं सांगितलं. सुमनने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणेल, पाहा, तुमच्याबी पोराचं तेच झालं. तिने वेगळंच विचारलं.

"कोणाजवळ रडला?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिने डबा उघडला. लाडू घेतला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला. आम्ही दोघी बराच वेळ कुंपणापलीकडच्या गंजीकडे बघत लाडू खात बसलो.

पाऊस आला तो त्यानंतर दोन-चार दिवसांनी, दुपार कलताना. आधी ट्रकांच्या धुळीसारखं काळं दिसलं, मग वारा सुटला. गजानन ओरडत आले, "गंजी! गंजी झाका!" शेतात जो तो धावला, मीही गेले. ताडपत्री ओढली तर एक बाजू पूर्ण उघडी. वर्षाचं पीक तिथे रचलेलं होतं, आणि पहिले थेंब मातीत खड्डे पाडत होते. सुमन घरातल्या सतरंज्या आणायला निघाली. तेवढ्यात आचल खाली पडलेला विळा उचलून पळाली. चौकाच्या दिशेने.

ती परत आली तेव्हा खांद्यावर गुंडाळलेला फ्लेक्स होता, दोऱ्यांची टोकं लोंबत होती. गजानन कपाळाला हात लावून उभे राहिले. "अवं, भाऊसाहेब काय म्हणतीन!"

"त्यायलेबी भिजू द्या थोडं," आचल म्हणाली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "आजी, वढा. जोरात वढा."

मी ओढलं. वाऱ्याने फ्लेक्सचं शीड झालं होतं, माझे पाय मातीत सरकत होते, साडी पिंढऱ्यांना चिकटली होती. तो अखेर गंजीवर बसला. तिचा स्वतःचा चेहरा वर आला, आकाशाकडे तोंड करून हसणारा. कडांवर दगड ठेवून झाले तरी मधे फुगत होता. आचल एक मोठा दगड छातीशी धरून गंजीवर चढली. "माह्या तोंडावरच ठेवते," ती म्हणाली, "मंग नाही उडत." आणि ठेवला. उतरताना ती घसरली, चिखलात बसली आणि हसायला लागली. नारळ अडवला होता त्या दिवसासारखी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चौकातून गेली. मी भाजीची पिशवी घेऊन तिच्या थोडी मागे होते, मुद्दाम. चौकात नुसती बांबूची चौकट उभी होती, तिच्यातून पलीकडचं पानाचं दुकान आणि आभाळ दिसत होतं. ती त्या चौकटीखालून गेली आणि वर पाहिलंसुद्धा नाही. मैदानावर रफीकभाईंनी तिला बघितलं आणि एवढंच म्हणाले, "उशीर झाला." मग ती खेळायला लागली. तिने डावीकडून बॉल नेला, गोल समोर होता, तरी तो तिने उजवीकडच्या एका बुटक्या पोरीला दिला. त्या पोरीने तो सरळ बाहेर मारला.

"ठीक हाय," रफीकभाई म्हणाले.

भाऊसाहेबांनी नंतर चौकशी केली म्हणे. सुमनने सांगितलं, वाऱ्याने गेला.

या वर्षी पुन्हा चाचणी आहे. आचलला पुन्हा बोलावणं आलं आहे, पण गल्लीत पेढे नाहीत. सुमनला ते पोटात ठेवणं इतकं जड जातंय की ती माझ्याजवळ येऊन काहीही भलतंच बोलते, कापसाचा भाव, सुनेचं दुखणं, आणि मधेच थांबून हसते. मीही विचारत नाही. हेवा गेला का म्हणाल, तर नाही. संध्याकाळी सराटे काढताना बघितलं की अजून नजर दुसरीकडे वळते. फक्त आता तो मला ओळखीचा झाला आहे, त्याला मी घडीच्या खुर्चीवर शेजारी बसवते.

आणि आज, वार गुरुवार, सकाळी फोन वाजला. रविवार नसताना फोन आला की मी चष्मा न पुसताच धावते. पडद्यावर ईशान एकटाच. तिथे संध्याकाळ होती, अंगात चिखलाची जर्सी तशीच. "आजी, आय मिस्ड द पेनल्टी," तू म्हणालास आणि तुझा चेहरा वाकडा झाला. मग तू रडलास. मधेच इंग्रजी, मधेच मराठी, निम्मं मला कळलं नाही. मी चॅम्पियन म्हटलं नाही. पुढच्या वेळी मारशील, असंही म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं. मी विचारलं, "बूट काढलेस का?" तू मान हलवलीस, नाही म्हणून. "मग आधी बूट काढ. मी आहे इथे." फोन कशाला तरी टेकवून तू वाकलास आणि पडद्यावर बराच वेळ फक्त तुझे केस दिसत राहिले. मी बघत बसले. मोजे मळलेले होते.

फोन ठेवला आणि मी तशीच, चष्मा कपाळावर, कुंपणाशी गेले. सुमन गंजीवर फ्लेक्स पसरून कडांवर दगड ठेवत होती.

"सुमन! आमचा ईशान हरला!" माझा आवाज असा लागला की बोरीवरच्या चिमण्या उडाल्या. "पेनल्टी घालवली त्याने!"

तिने दगड हातातच धरला. "कोणाजवळ रडला?"

"माझ्याजवळ. आत्ता. स्वतः फोन केला."

सुमनने माझ्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्षभर माझ्या आरशात पाहिलं आहे, म्हणून लगेच ओळखलं.

"लय रडला का?"

"लय."

"आमच्या आचलएवढा?"

"जास्तच," मी म्हणाले.

"काही सांगू नका मॅडम. आमची तर दोन दिवस थांबत नव्हती," सुमन म्हणाली, आणि हातातला दगड तिने बरोबर फ्लेक्सवरच्या माझ्या चष्म्यावर ठेवला.